आपोआप वाजत राहणारं अँबियंट संगीत आणि कॉम्प्युटरवरचा मॉड्युलर सिंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची जेवणं आटोपली की मी लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर उघडून बसतो. त्यातून आपोआप वाजत राहणारं, म्हणजे जनरेटिव्ह, अँबियंट (मागे संथ वाजत राहणारं) संगीत काढायचं, गेली काही वर्षं हाच उद्योग चालू आहे. मित्र, पुतणे, ऑफिसातले लोक येऊन स्क्रीनवरच्या रंगीत वायरींचं जाळं बघतात आणि साधारण तेच ते प्रश्न विचारतात. दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

जनरेटिव्ह म्हणजे एआयने बनवलेलं का?

नाही. इथे कुठल्याही यंत्राने कोणाची गाणी ऐकून काही शिकलेलं नसतं. तुम्ही थोडे नियम मांडता, ते चालू करता आणि बाजूला होता. पुढे नेमकं काय वाजेल हे तुम्हालाही ठाऊक नसतं.

गावाकडे संध्याकाळी गुरं परत येतात तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकल्या असतील. कुठली घंटा कधी वाजणार हे कोणी ठरवलेलं नसतं, पण कुठल्या गाईच्या गळ्यात कुठली घंटा बांधायची हे मालकाने ठरवलेलं असतं. आपलं काम त्या मालकाचं. गाईंनी कसं चालावं यात आपण पडायचं नाही.

संगीतकार ब्रायन ईनोने ‘जनरेटिव्ह’ हा शब्द १९९० च्या दशकात रूढ केला. १९९६ मध्ये त्याने ‘कोआन’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारं संगीत चक्क फ्लॉपीवर प्रकाशित केलं होतं. पण मूळ युक्ती त्याच्याही आधीची, टेपच्या काळातली. ईनोच्याच १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममधल्या एका भागात गायलेले सुटे सूर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर ठेवले आहेत. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसच्या किंचित आधी, तिसरा तिसाच्या जरासा आधी. या लांब्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही, म्हणून सुरांची गाठभेट दरवेळी वेगळी होते.

शाळेत लसावि कशाला शिकवतात असं ज्यांना वाटायचं त्यांच्यासाठी: २३, २९ आणि ३१ सेकंदांची तीन वेटोळी एकदम सुरू केली, तर ती पुन्हा एकाच क्षणी सुरू व्हायला २०,६७७ सेकंद लागतात. म्हणजे जवळपास पावणेसहा तास. तीनच सूर, आणि पावणेसहा तास पुनरावृत्ती नाही. तिथे २०, ३० आणि ४० सेकंद घेतलेत तर दोनच मिनिटांत सगळं पहिल्यापासून.

मॉड्युलर सिंथ म्हणजे काय? आणि खरा सोडून सॉफ्टवेअर का?

साध्या कीबोर्डमध्ये आवाज तयार करणारे भाग आतच जोडून मिळतात. मॉड्युलरमध्ये ते सुटे असतात. सूर काढणारा ऑसिलेटर वेगळा, तो कापणारा फिल्टर वेगळा, आवाज कमी-जास्त करणारा व्हीसीए वेगळा. ते केबलने तुम्ही जोडायचे. केबलमधून जातं ते व्होल्टेज. ते सूर असू शकतं, नॉब फिरवणारा अदृश्य हात असू शकतं किंवा नुसता ‘आता वाजव’ असा इशारा. जनरेटिव्ह संगीताला ही रचना मानवते ती यामुळेच. कुठलीही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला चालवू शकते.

जर्मनीत डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकात ज्याचा पाया घातला त्या युरोरॅक पद्धतीची खरी यंत्रं आजही जोरात विकली जातात. पण एकेका मॉड्यूलची किंमत, वर आयात शुल्क, असा हिशेब मांडला की आपल्याकडे बहुतेकांचा उत्साह मावळतो. माझाही मावळला. अँड्र्यू बेल्ट यांनी २०१७ मध्ये व्हीसीव्ही रॅक आणलं. त्यात युरोरॅकचेच नियम आहेत, फक्त व्होल्टेजच्या जागी आकडे. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, शून्य व्होल्टला २६१.६३ हर्ट्झ.

जाता जाता, हा सगळा प्रकार आपल्या देशाला परका आहे असं समजू नका. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथ आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. त्या टेप कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक प्रकाशित झाल्या. जरूर शोधून ऐका.

खर्च किती? लॅपटॉप कसला लागेल?

रॅकची मूळ आवृत्ती मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. सशुल्क प्रो आवृत्ती लागते ती रॅक एखाद्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत प्लगिन म्हणून चालवायचं असेल तर. तेही फुकटात हवं असेल तर ‘कार्डिनल’ आहे. ते रॅकच्याच मुक्त कोडवर बेतलेलं आहे, फक्त मॉड्यूलं त्यात जी आली आहेत तेवढीच. रॅकच्या ग्रंथालयात हजारो मॉड्यूलं आहेत आणि बरीच मोफत. पहिला महिना त्या ग्रंथालयाकडे फिरकू नका. सोबत मिळणाऱ्या ‘फंडामेंटल’ संचावर भागवा आणि बाहेरून फक्त एक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं मॉड्यूल) आणा. व्हॅलीचा ‘प्लॅटो’ मोफत आहे आणि उत्तम आहे.

पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप चालतो. हेडफोन मात्र बरा घ्या.

मला संगीतातलं काहीच कळत नाही. जमेल?

जमेल. सा आणि प ओळखता आले तरी पुष्कळ.

पहिला पॅच कसा बांधू? अगदी पायरीपायरीने सांगा.

पॅच म्हणजे केबलने जोडलेल्या मॉड्यूलांची एक रचना. आधी फक्त एक आवाज बांधू. चार मॉड्यूलं घ्या: एलएफओ, एडीएसआर (सूर कसा उगवतो-मावळतो ते ठरवणारा), व्हीसीओ (सूर काढणारा ऑसिलेटर), व्हीसीए.

व्हीसीओच्या फ्रिक्वेन्सी नॉबवर राइट-क्लिक केलं की आकडा टाइप करता येतो. तिथे १३०.८१ टाका. हा आपला खालचा सा. त्रिकोणी लहरीच्या आउटपुटमधून केबल काढून व्हीसीएच्या इनपुटमध्ये घाला. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी) लहर घेऊ नका, तिला फिल्टरशिवाय तोंड दाखवायची सोय नसते.

आता एलएफओ. हाही ऑसिलेटरच, पण इतका संथ की ऐकू येत नाही. त्याची फ्रिक्वेन्सी ०.०४३५ करा, म्हणजे एक फेरा २३ सेकंदांचा. त्याचं चौकोनी आउटपुट एडीएसआरच्या गेटमध्ये, म्हणजे ‘आता वाजव’ या इशाऱ्याच्या जागी, जाईल आणि एडीएसआरचं आउटपुट व्हीसीएच्या कंट्रोल इनपुटमध्ये. अ‍ॅटॅक (उगवण्याचा वेळ) तीन सेकंद, रिलीज (मावळण्याचा वेळ) सहा-सात. एलएफओची पल्स विड्थ (फेऱ्यातला किती भाग इशारा चालू राहतो ते) २० टक्क्यांच्या आसपास आणा, नाहीतर सूर निम्मा वेळ उभाच राहील. व्हीसीएमधून प्लॅटो, प्लॅटोतून ऑडिओ मॉड्यूल. ऐका. एक सूर हळूच उगवतो, मावळतो आणि बराच वेळ काही होत नाही. ती शांतता बिघाड नाही.

या चौघांची निवड करून दोनदा डुप्लिकेट करा. दुसऱ्या संचात व्हीसीओ १९६.२२ आणि एलएफओ ०.०३४५. तिसऱ्यात २९४.३३ आणि ०.०३२३. हे झाले सा, प आणि वरचा रे, फेरे २३, २९ आणि ३१ सेकंदांचे. हे आकडे ओढून-ताणून आणलेले नाहीत. १३०.८१ ची दीडपट म्हणजे प, आणि प ची पुन्हा दीडपट म्हणजे वरच्या सप्तकातला रे. तिघांचं आपसात कधीच भांडण होत नाही. तिन्ही व्हीसीए मिक्सरमधून प्लॅटोला द्या.

इथे एक खड्डा आहे. एकेका आवाजाची उंची पाच व्होल्टपर्यंत जाते आणि ऑडिओ मॉड्यूल दहाच्या वर गेलं की आवाज फोडतं. तिघं एकत्र आले तर पंधरा. तिघं एकत्र येणं हे आपण दुर्मीळ करून ठेवलेलं असल्यामुळे पहिली वीस मिनिटं सगळं छान चालतं आणि तुम्ही निर्धास्त होता. मग कधीतरी अचानक खर्र्र. मिक्सरवर प्रत्येकाला ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

हा पंधरा मॉड्यूलांचा पॅच मी अजून पुसलेला नाही. त्याच्यानंतर शंभरेक मॉड्यूलांचे डोलारेही बांधून झाले, पण पाहुणे आले की हाच लावतो.

रँडम जोडलं की नुसता गोंधळ होतो. माझं काय चुकतंय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा चुका त्याच तीन.

पहिली, मोकळं सोडलेलं व्होल्टेज. फंडामेंटलच्या ‘रँडम’ या वाटेल ते व्होल्टेज फेकणाऱ्या मॉड्यूलमधून उणे पाच ते अधिक पाच व्होल्ट येतात. सप्तकाला एक व्होल्ट धरला तर ही दहा सप्तकं झाली. आपली हार्मोनियम तीन-साडेतीन सप्तकांची, आणि त्यातही माणूस एका वेळी एकाच्या आसपास फिरतो. तेव्हा ते व्होल्टेज ‘एट-व्हर्ट’ या व्होल्टेज आकसवणाऱ्या मॉड्यूलमधून काढून १० टक्क्यांवर आणा. उरलं एक सप्तक. रँडम आता शहाण्यासारखं वागू लागेल.

दुसरी चूक म्हणजे क्रम. सुरांना पट्टीत बसवणारा क्वांटायझर आधी आणि आकसवणारा नॉब नंतर अशी जोडणी खूप जण करतात. क्वांटायझरने एक-बारांश व्होल्टच्या नेमक्या पायऱ्या करून दिल्या, तुम्ही त्या नंतर दाबल्यात, सगळे सूर बेसूर. क्वांटायझर सगळ्यात शेवटी, व्हीसीओच्या अगदी दारात.

तिसरी जरा लपलेली असते. सूर विरत असताना पुढचं रँडम व्होल्टेज येऊन थडकतं आणि विरणारा सूर मध्येच उडी मारतो. ऐकताना काहीतरी उथळ वाटतं, पण कारण सापडत नाही. मला सापडायला दोन आठवडे लागले. उपाय सोपा आहे. ज्या गेटने एडीएसआर चालतो तोच गेट रँडमच्या ट्रिगर इनपुटलाही द्या. नवा सूर मग नव्या उगवण्याबरोबरच येईल.

हे तिन्ही सुधारूनही भरकटल्यासारखं वाटलं, तर शुद्ध रँडम सोडा. कानाला थोडी ओळख लागते. टॉम व्हिटवेल यांचं ‘ट्युरिंग मशीन’ हे २०१२ मधलं मॉड्यूल याच कामाचं. रॅकसाठी त्याच्या मोफत आवृत्त्या आहेत. ते सोळा कप्प्यांच्या पट्टीत सूर फिरवत ठेवतं आणि दर फेरीत एखादा कप्पा बदलायचा की नाही हे एका नॉबवर ठरतं. नॉब मध्यावर असला की सगळं अनिश्चित, उजवीकडे टोकाला नेला की तेच ते. मी टोकाच्या किंचित अलीकडे ठेवतो. दहा मिनिटांनी धून तीच वाटते आणि ती तीच नसते.

आणि गाळणी लावा. बर्नूली गेट म्हणजे निव्वळ नाणेफेक: गेट आला की छापा किंवा काटा, एकाच बाजूने पुढे जायचं. संभाव्यता ३० टक्के ठेवली तर दहातले साधारण सात सूर वाजतच नाहीत. नवशिक्याला हे नुकसान वाटतं.

यात राग वाजवता येतो का? क्वांटायझरमध्ये भूप लावला तर?

लावून बघितलाय. सा, रे, ग, प, ध एवढ्याच पट्ट्या चालू ठेवल्या, तासभर नॉब घासले आणि मोठ्या हौसेने काकांना ऐकवलं. ते उमेदीत गाणं शिकलेले. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “हा भूप नाही. देसकारही नाही. पाच सूर आहेत, मोकाट.”

मुद्दा तोच आहे. भूप आणि देसकार यांचे सूर अगदी तेच. पण भूपात गंधार वादी (मुख्य सूर), देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, खालच्या अंगात रमणारा. देसकार सकाळचा, वरच्या अंगाचा. कुठल्या सुरावर थांबायचं, कुठला नुसता स्पर्शून सोडायचा, कुठून कुठे जायचं, हे क्वांटायझरला ठाऊक नसतं. त्याला फक्त कुठे जायचं नाही एवढं कळतं.

काकांचा शेरा जिव्हारी लागल्यावर मी दोन बदल केले. सुटे सूर रँडमने निवडणं बंद केलं. सीक्वेन्सरमध्ये (सूर ठरल्या क्रमाने वाजवणाऱ्या मॉड्यूलमध्ये) ‘ग रे सा, ध़ सा’, ‘सा रे ग’, ‘ग प ध प ग’ असे छोटे तुकडे भरले आणि कुठला तुकडा केव्हा यायचा एवढंच नाणेफेकीवर सोडलं. शिवाय गंधारावर संपणाऱ्या तुकड्याला सगळ्यात जास्त संधी दिली. फरक लगेच कळतो. मींड मात्र आली नाही. स्ल्यू लिमिटरने सूर घसरवता येतो, पण तो रे-ग आणि प-ग सारख्याच आज्ञाधारकपणे घसरवतो, आणि मींड म्हणजे ते नव्हे. तेव्हा माझा सल्ला असा की रागाचं नाव लावू नका. ‘भूपाच्या सुरांतला पॅच’ म्हणा, म्हणजे कोणाचा अपमानही होत नाही.

तानपुऱ्यासारखा आधार दिला तर ग खटकतो. असं का?

तुमचा कान चांगला आहे. क्वांटायझर सप्तकाचे बारा समान भाग करतो, पाश्चात्त्य पियानोसारखे. त्यात प जवळपास बरोबर येतो पण शुद्ध ग चढा लागतो. सा १३०.८१ असेल तर क्वांटायझरचा ग १६४.८१ आणि सा च्या सव्वापट, म्हणजे स्वयंभू गंधार, १६३.५१. फरक सव्वा हर्ट्झचा, पण सा च्या पाचव्या आणि ग च्या चौथ्या अंशस्वरांची गाठ पडते तिथे तो सेकंदाला पाच थरथरींएवढा होतो. लांब ओढलेल्या सुरात ते थरथरणं झाकता येत नाही. रिव्हर्बने उलट वाढतं.

स्थिर आवाज असेल तर आकडा थेट हर्ट्झमध्ये टाका, वरच्या पॅचमध्ये केलं तसा. सूर बदलणारा आवाज असेल तर शुद्ध श्रुतींचे व्होल्टेज घेणारे क्वांटायझर ग्रंथालयात शोधा. जवारीचं, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या त्या झंकाराचं, विचाराल तर मी हात टेकले आहेत.

रिव्हर्ब किती द्यावा?

वाटतो त्याच्या निम्मा.

तासभर ऐकलं की कंटाळा येतो. पुढे सरकल्यासारखं वाटत नाही.

कारण सूर बदलतात पण हवामान तेच राहतं. एखादा एलएफओ चार मिनिटांच्या फेऱ्याचा करा (०.००४२ हर्ट्झ) आणि त्याने फिल्टर, रिव्हर्ब किंवा नाणेफेकीची संभाव्यता अगदी थोडी हलवा. संभाव्यता हलवणं माझं आवडतं. दोन मिनिटं सूर दाटून येतात आणि मग विरळ होत जातात, आषाढातल्या सरीसारखे. दुसरा तसाच एलएफओ थोड्या वेगळ्या फेऱ्याचा ठेवा आणि त्याला दुसऱ्या आवाजावर सोडा. सगळ्यांना एकाच एलएफओवर बांधलंत तर कवायत होते.

आवाज तुटतो, पंखा घरघरतो. काय करू?

एफ-३ दाबा. प्रत्येक मॉड्यूल प्रोसेसरचा किती वाटा खातं ते त्याच्यावरच दिसतं. गुन्हेगार साधारणपणे एखाददुसराच असतो.

शिवाय ऑडिओ मॉड्यूलवरचा ब्लॉक साइज, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या सॅम्पलची (आवाजाच्या बारीक तुकड्यांची) संख्या, वाढवा. हे का चालतं ते बघा. कीबोर्ड वाजवणाऱ्याला बोट आणि आवाज यांत अंतर नको असतं, म्हणून तो २५६ सॅम्पलवर, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला पाच मिलिसेकंदांवर भांडतो. इथे कोणी वाजवतच नाही. १०२४ करा, एकवीस मिलिसेकंद उशीर होऊ द्या. २३ सेकंदांनी येणारा सूर एकवीस मिलिसेकंद उशिरा आला तर कोण विचारणार आहे?

रेकॉर्ड कसं करायचं? आणि मालकी कोणाची?

व्हीसीव्हीचंच ‘रेकॉर्डर’ मॉड्यूल मोफत आहे. मिक्सरनंतर लावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ डब्ल्यूएव्ही तासाला साधारण एक जीबी जागा घेते. त्यातून नंतर सहा-सात मिनिटं कापायची. संगीत तुमचं. रॅकचा परवाना सॉफ्टवेअरला लागू आहे, त्यातून निघणाऱ्या सुरांना नाही.

पण रेकॉर्डर आधी लावा. जूनमधल्या एका रात्री पाऊस धो धो, आणि पॅचमधून असं काही निघालं की मी चहा तसाच ठेवून ऐकत बसलो. दोन सूर एकमेकांची वाट बघत होते असं वाटत होतं. लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. सकाळी पॅच उघडला तर प्रत्येक केबल जागच्या जागी, प्रत्येक नॉब तसाच. फक्त ते संगीत नव्हतं. पॅच सेव्ह होतो, त्याने टाकलेले फासे होत नाहीत. आता मी काहीही ऐकायच्या आधी लाल बटण दाबतो, डिस्क भरली तर भरू दे.

रात्रभर चालू ठेवलं तर चालेल का?

लॅपटॉपची झोप बंद करा, नाहीतर रॅकही झोपतं. स्क्रीन बंद झाली तरी हरकत नाही. स्पीकरचा आवाज मात्र बेताचा ठेवा. एकदा शेजारच्या काकूंनी सकाळी जिन्यात गाठून विचारलं, “तुमचा फ्रिज बिघडलाय का हो? रात्रभर घूं घूं येत होतं.” भिंतीतून वरचे सूर जातच नाहीत, फक्त खालचा सा तेवढा त्यांच्याकडे पोचत होता, दर तेवीस सेकंदांनी. तेव्हापासून रात्रीच्या पॅचमध्ये सा २६१.६३ वर असतो.